दार आपले, जिना सगळ्यांचा

"सोसायटीवाल्यांनी आज पाणी लवकर बंद केले." "सोसायटीवाले लिफ्ट दुरुस्त करत नाहीत." "सोसायटीवाल्यांनी पुन्हा मेंटेनन्स वाढवला." फ्लॅटमध्ये राहणाऱ्या घरात ही वाक्ये महिन्यातून चार वेळा तरी ऐकू येतात. ऐकणाऱ्याला वाटावे, चाळीचा जुना घरमालक गेला आणि त्याच्या गादीवर हा सोसायटीवाला नावाचा नवा मालक येऊन बसला.

वाचक भगिनी-बंधूंनो, हा सोसायटीवाला कोण, हे आपण कधी नीट पाहिले आहे का? करारनामा आपला, हप्ते आपण फेडलेले, भाग दाखला आपल्याच कपाटात. म्हणजे सोसायटीवाले आपणच. तरीही आपल्यातली बरीच कुटुंबे सोसायटीत भाडेकरूसारखी राहतात. बिल आले की भरायचे, नोटीस लागली की पुढे जायचे, सभा असली की दार लावून घ्यायचे. रोजचे दिवस अशाने निघून जातात. पण घरातला कर्ता माणूस गेला की नुसते रहिवासी असणे आणि सभासद असणे यातला फरक समोर उभा राहतो.

आम्ही पुण्याच्या पूर्व भागात एका आडगल्लीत राहतो. गल्ली पुढे बंद आहे, त्यामुळे वाहनांची वर्दळ नाही. सकाळी भाजीची गाडी येते, दुपारी शाळेच्या रिक्षा, आणि संध्याकाळी मुलांचे क्रिकेट. इमारतीत १८ घरे. निम्म्याहून थोडी जास्त आपली, बाकीची हिंदू आणि दोन ख्रिस्ती. इमारत साधीच आहे. मात्र तिने गेल्या दोन वर्षांत आम्हाला जे शिकवले, ते इतर घरांच्याही कामी यावे म्हणून हा लेख.

आधी थोडे मुळाकडे जाऊ. आपल्या देशात सहकाराचा पहिला कायदा १९०४ साली झाला, तो पतसंस्थांसाठी. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांनाही वाट मोकळी झाली. १९१५ मध्ये मुंबईच्या गावदेवी भागात सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. देशातल्या अगदी पहिल्या अशा संस्थांत तिची गणना होते. एकट्याला जमीन परवडत नाही, म्हणून अनेकांनी मिळून घ्यायची, बांधायची आणि मिळूनच चालवायची, हा त्यामागचा साधा विचार. आज महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली चालतात. २०१९ मध्ये या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरणच घातले गेले. त्याखेरीज प्रत्येक संस्थेचे उपविधी असतात. उपविधी म्हणजे त्या घरांनी आपसात मान्य केलेले नियम.

या व्यवस्थेत आपल्या हाती सहसा ५० रुपयांचे १० भाग, म्हणजे ५०० रुपयांचा एक दाखला असतो. लाखो रुपयांच्या घरातला आपला सभासद म्हणून हक्क या कागदावर नोंदलेला असतो. आणि मत मात्र सगळ्यांना सारखे. कुणाचे घर तीन खोल्यांचे असो की एका खोलीचे, एका सभासदाला एकच मत.

मेंटेनन्सच्या बिलातही हाच विचार दिसतो. पाण्याचा आकार घरातल्या नळजोडांच्या संख्येनुसार आणि आकारानुसार लागतो. सेवा शुल्क, म्हणजे झाडलोट, पहारेकरी, जिन्यातले दिवे, हिशोबनीस यांचा खर्च, सगळ्या घरांना सारखा. लिफ्टचा खर्चही सारखाच, लिफ्ट वापरा किंवा नका वापरू. तळमजल्यावरच्या माणसाला हे खटकते. आमच्याकडेही खटकले होते. पण वरच्या मजल्यावरचा माणूसही तळमजल्याच्या दारातल्या गटारीचा खर्च देतोच. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के, असे आदर्श उपविधी सांगतात. हे पैसे कुणाच्या खिशात जात नाहीत. पंधरा-वीस वर्षांनी इमारतीचे खांब तडकतात, गच्ची गळते, तेव्हा ते कामी येतात.

थकबाकीवर व्याज लागते. त्याचा दर सभा ठरवते, आणि उपविधींप्रमाणे तो वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. व्याज देणे आपल्या अनेक घरांना नको असते, आणि ते बरोबरच आहे. त्यासाठी भांडण करावे लागत नाही. बिल मुदतीत भरले की व्याजाचा प्रश्नच उरत नाही. शिवाय थकबाकीदाराला समितीची निवडणूक लढवता येत नाही, आणि सभेत त्याच्या शब्दाला वजन राहत नाही ते वेगळेच.

आता सभेविषयी. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. गणपूर्तीला दोन तृतीयांश सभासद किंवा २०, यातला लहान आकडा पुरतो. आमच्या १८ घरांत तो १२ होतो. बारा जण जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे सहा-सात माणसे बसून १८ घरांचा निर्णय करू शकतात. मग जिन्यात म्हणायचे, "सोसायटीवाल्यांनी ठरवले!" जे आले त्यांनी ठरवले, एवढाच त्याचा अर्थ.

सभेला आपल्याऐवजी शेजाऱ्याला पाठवता येत नाही. मुखत्यारपत्र देऊनही कुणाला पाठवता येत नाही. आपल्या कितीतरी घरांतले पुरुष आखातात नोकरीला आहेत किंवा ट्रकवर असतात. घर त्यांच्या नावावर असते आणि सभेच्या दिवशी ते हजार मैलांवर असतात. अशा घराचे मत वर्षानुवर्षे कुठेच नसते. यासाठी कायद्यात सहयोगी सभासदाची सोय आहे. सभासदाने लेखी शिफारस केली की पत्नी, आई, मुलगी, सून यांना सहयोगी सभासद करता येते, आणि सभासदाच्या लेखी संमतीने त्यांना सभेत बसता येते, मतही देता येते. समितीत महिलांसाठी राखीव जागाही असतात. पाणी किती वाजता येते, जिना कोण झाडतो, कोणता पाइप गळतो, हे ज्या बाईला रोज ठाऊक असते, तीच सभेत नसावी, हे आम्हाला कधीच पटलेले नाही.

आता तिसऱ्या मजल्यावरच्या भाभींची हकिगत सांगतो. त्यांच्या परवानगीनेच सांगत आहोत.

त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेले. वय ५१. घर एकट्या त्यांच्या नावावर. नॉमिनेशनचा फॉर्म भरलेला नव्हता. मागे भाभी, दोन मुली, एक २२ वर्षांची, दुसरी १९ ची, आणि म्हातारी सासू. चाळिसावा झाला आणि सोलापूरहून दीर आले. त्यांचे म्हणणे एवढेच की मुलगा नाही, त्यामुळे घर भावाकडे आले पाहिजे. त्यांनी सेक्रेटरींकडे अर्जही दिला, "माझे नाव चढवा." माणूस वाईट नव्हता. लहानपणापासून जे ऐकले, तेच तो बोलत होता.

आमचे सेक्रेटरी काका दुसऱ्या मजल्यावर राहतात, सरकारी कारकुनीतून निवृत्त झालेले. त्यांनी अर्ज घेतला, पोच दिली आणि शांतपणे सांगितले, "वारस कोण, हे सोसायटी ठरवत नाही. तुम्ही कागद आणा, सोसायटी नोंद करील." भाभी इद्दतीत होत्या. त्या चार महिने दहा दिवसांत काका एकदाही घरात शिरले नाहीत. फॉर्म, नोटिसा, पोच, सगळे दारात मोठ्या मुलीच्या हाती देत आणि समजावून सांगत. तळमजल्यावरच्या काकू दर तिमाहीचे बिल भाभींकडून घेऊन स्वतः बँकेत भरून येत, थकबाकीदाराचा शिक्का नको म्हणून. शेजार म्हणजे काय, हे त्या महिन्यांत आम्ही पाहिले.

मग एक आलिम आणि एक वकील यांना एकत्र बसवले. आलिमांनी कागदावर हिशोब मांडला. आधी दफनाचा खर्च, मग देणी. आणि देण्यांत पत्नीचा न दिलेला महरही येतो, हे त्यांनी ठासून सांगितले. त्यानंतर वसियत असेल तर ती तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. जे उरेल त्याची वाटणी. सुन्नी फिक्हनुसार पत्नीला एक अष्टमांश, दोन मुलींना मिळून दोन तृतीयांश, आईला एक षष्ठांश. मालमत्तेचे २४ भाग केले तर पत्नीचे ३, मुलींचे १६, आईचे ४. बेरीज २३. उरला एक. तो भावाचा.

सारी देणी फेडून घर ४८ लाखांचे धरले, तर भाभींचे ६ लाख, प्रत्येक मुलीचे १६ लाख, दादीचे ८ लाख आणि चाचांचे २ लाख. खोलीत बराच वेळ कुणी बोलले नाही. मग दीर म्हणाले, "मला वाटले होते मुलींना काही नसतेच." आम्हाला त्यांचा राग आला नाही. वाईट वाटले ते याचे की शरीयतचे नाव आपण रोज घेतो आणि तिने मुलींना दिलेला हिस्सा मात्र अनेक घरांत कुणी सांगतच नाही. १९३७ च्या शरीयत कायद्यानुसार मुस्लिमांच्या अशा घराचा वारसा याच नियमांनी ठरतो. शिया कायद्यात हिशोब वेगळा आहे, त्यांनी आपल्या जाणत्यांना विचारावे.

पुढे सोसायटीने दावे आणि हरकती मागवणारी नोटीस लावली, वर्तमानपत्रातही दिली. सगळ्या वारसांनी मिळून कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त केला. दिरांनी आपला हिस्सा रोख घेऊन नोंदणीकृत हक्कसोडपत्र लिहून दिले. ते पैसे यजमानांच्या भविष्य निर्वाह निधीतल्या भाभींच्या वाट्यातून आले. दादी त्याच घरात, त्याच खोलीत राहिल्या. भाग दाखल्यावर भाभी आणि मुलींची नावे चढायला १४ महिने लागले. वारसाने येणाऱ्या घराला हस्तांतरण शुल्क लागत नाही, तेवढा खर्च वाचला. पण त्या १४ महिन्यांत इमारतीच्या पुनर्विकासाची पहिली बैठक झाली आणि भाभी तिला बसू शकल्या नाहीत. स्वतःच्या घराचे भवितव्य खाली चर्चेला होते आणि त्या वर खिडकीत उभ्या होत्या.

नॉमिनेशन असते तर हे सगळे टळले असते का? सगळे नाही, पण पुष्कळ. पहिल्या नॉमिनेशनला शुल्क नाही. फॉर्म तीन प्रतींत भरायचा, समिती तो नोंदवून एक प्रत परत देते. सभासद गेल्यावर, वारसांचे नक्की होईपर्यंत, नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घेता येते. म्हणजे घर बिनआवाजाचे राहत नाही. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. न्यायालयांनी हे वेळोवेळी सांगितले आहे. थोरल्या मुलाला नॉमिनी केले म्हणून घर त्याचे होत नाही. आई आणि बहिणींचे हिस्से त्याच्याकडे अमानत असतात. ज्यांनी हे ओळखले नाही त्यांच्या घरांत सख्खी भावंडे कोर्टाच्या पायऱ्या चढताना आम्ही पाहिली आहेत.

"घर बायकोलाच मिळावे अशी माझी इच्छा आहे, मग काय करू?" असेही विचारले जाते. वसियतीने हे सरळ साधत नाही. वारसाला वसियत करायची तर बाकीच्या वारसांची संमती लागते. घर घेतानाच करारनाम्यात दोघांची नावे असतील आणि तिचा पैसा किंवा महर त्यात आला असेल, तर तिचा वाटा पहिल्या दिवसापासून तिचा. दुसरी वाट हिबाची. हयातीत द्यायचे, तिने स्वीकारायचे आणि ताबाही द्यायचा. सोसायटीच्या दप्तरी अडचण नको म्हणून तो नोंदणीकृत दस्ताने करावा. यातले काहीही करताना मुलांचा, आईवडिलांचा हक्क मारला जाणार नाही हे पाहावे, आणि आलिम व वकील दोघांना विचारूनच करावे. नुसते सहयोगी सभासद केल्याने मालकी मिळत नाही, हेही स्पष्ट असू द्या.

आणखी एक विषय टाळून चालणार नाही. आपल्याला अनेक ठिकाणी घर नाकारले जाते. फोनवर नाव ऐकले की फ्लॅट अचानक विकला गेलेला असतो. याबाबत कायदा काय म्हणतो ते माहीत असावे. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारले तर उपनिबंधकांकडे दाद मागता येते. फ्लॅट विकायला सोसायटीच्या ना-हरकत दाखल्याची गरज नाही, असे आदर्श उपविधी सांगतात. हस्तांतरण शुल्काची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. मात्र २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी संस्थेचा, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला होता, हेही खरे. शिवाय मालकाने मनातच "नको" ठरवले असेल तर कायदा तिथवर पोहोचत नाही. तरी आपल्या हाती एक गोष्ट आहे. आमच्या सभेत कुणीतरी म्हणाले होते, "परप्रांतातल्या नर्स मुलींना फ्लॅट भाड्याने देऊ नये." आम्ही उभे राहून विचारले, हेच वाक्य आपल्याबद्दल कुठल्या तरी सभेत बोलले जाते, तेव्हा आपल्याला कसे वाटते? ठराव मांडलाच गेला नाही. त्या मुली आजही तळमजल्यावर राहतात. आमच्या घरात कुणाला ताप आला की आधी त्यांचेच दार वाजते.

तेव्हा या महिन्यात एका संध्याकाळी कपाट उघडा. भाग दाखला आहे का आणि त्यावर कुणाचे नाव आहे, ते पाहा. दाखला अजून आजोबांच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर असेल तर उद्याच सेक्रेटरींना भेटा. नॉमिनेशनची प्रत शोधा, नसेल तर फॉर्म मागा. यजमान बाहेरगावी असतील तर सहयोगी सभासदत्वाचा अर्ज भरा. इमारत आणि जमीन संस्थेच्या नावावर झाली का, हे सभेत विचारा. बिल्डर टाळाटाळ करीत असेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज संस्थेला करता येतो. घरात बसून महर दिला की राहिला, याचीही एकदा नोंद करा. मृत्यूचे बोलणे अशुभ म्हणून आपण टाळतो. पण तो आपल्या टाळण्याने थांबत नाही, आणि मागे राहणाऱ्यांची सोय करून जाणे हे ईमानदाराचे काम आहे.

भाभी यंदाच्या सभेला आल्या. मोठ्या मुलीला बरोबर घेऊन दुसऱ्या रांगेत बसल्या. पुनर्विकासाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी हात वर करून विचारले, "काम चालू असेपर्यंत म्हाताऱ्या माणसांनी राहायचे कुठे, आणि ते भाडे करारात लिहिणार का?" सभेत ६ पुरुष आधीच बोलून गेले होते. हा प्रश्न त्यांच्यापैकी कुणाला सुचला नव्हता. तो इतिवृत्तात लिहिला गेला आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला आहे.

वस्सलाम.